इंदूवहिनीची चित्रा

माझा दादा रॉकेटचं इंधन मळतो, हे आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विलास. दक्षिणेत समुद्रकाठच्या एका केंद्रात त्याला नोकरी लागली होती आणि तिथून तो पहिल्यांदाच सुट्टीवर आला होता. जेवता जेवता सांगत होता, मिठासारखी पांढरी पूड असते, तिच्यात चांदीसारखी चमकणारी भुकटी घालायची, वरून काकवीसारखा चिकट पदार्थ ओतायचा आणि मोठ्या यंत्रात ते कितीतरी वेळ मळत राहायचं. आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मळून झालं की साच्यात ओतून उबेला ठेवायचं, घट्ट होऊ द्यायचं. आईचा हात परातीतच थांबला. “म्हंजी सैपाकीच झाला की रं तू,” ती म्हणाली. “एवढं बीयस्सी करून?” आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हसून हसून ठसका लागला. दादाही हसला, पण त्याला आईला समजावून सांगायचंच होतं. त्याचा तो स्वभावच होता, समोरच्याला कळल्याशिवाय त्याचं जेवण पुढं सरकायचं नाही.

“मग ते रॉकेट वर जाऊन करतं काय?” आईनं विचारलं.

“हवा बघतं. लई उंचावर वारं कसं वाहतं, तिथं विजेचा एक थर असतो तो दिवसा कसा, रात्री कसा, ते आतली यंत्रं मोजतात आन् खाली कळवतात.”

“आन् मग?”

“मग पडतं समुद्रात.”

“माघारी नाय येत?”

“नाय.”

“एवढं मळून, एवढं करून समुद्रात टाकायचं?” आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि विषय तिच्यापुरता संपवला. दादा माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “थोडा वेळच वर असतं गं, मंदा. पण तेवढ्यात जे कळतं ते आजवर कुणालाच ठाऊक नसतं.” मी तेव्हा शाळेत होते. मला त्यातलं फार कळलं नाही, पण त्याचा चेहरा लक्षात राहिला.

आमचं घर खुलताबादेत, गावाच्या जुन्या वेशीच्या आत. पहाटे दर्ग्याकडून अजान यायची, मग मारुतीच्या देवळातली घंटा, आणि त्या दोन्हींच्या आधी समोरच्या रशीदाखालांच्या घरातून कढईवर झारा आपटल्याचा आवाज. खालांच्या घरी खाजा करून विकायचे. उरुसाच्या दिवसांत तर त्यांच्याकडं चुली विझतच नसत, आणि तुपाचा तो वास आमच्या पांघरुणांनासुद्धा लागायचा. आबांचं शेत डोंगराच्या उतरंडीला होतं. तिथं ज्वारी व्हायची, बांधावर सीताफळं आणि जांबाची झाडं होती. आमच्या घरात येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि भाकरी हाच स्वयंपाक, आणि त्यात बदल केलेला आईला खपत नसे. दादा शहरातल्या कॉलेजात एसटीनं जाऊन-येऊन शिकला. रसायनशास्त्रात त्याला चांगले गुण पडले, वर्तमानपत्रातली जाहिरात बघून त्यानं अर्ज केला आणि एवढ्या लांबून बोलावणं आलं.

आज सगळ्यांना त्या केंद्रांची नावं पाठ आहेत. तेव्हा आमच्या गावात कुणाला सांगितलं तर लोक म्हणत, म्हणजे फटाक्याच्या कारखान्यात का? आणि खरं सांगायचं तर ते काम तेव्हा फार लहानही होतं. पहिली रॉकेटं बाहेरच्या देशांनी दिलेली, इंधनही त्यांचंच. मग ठरलं की आपण आपलं करायचं. कुठून कुठून आलेली तरणी पोरं समुद्राच्या वाळूत शेड बांधून शिकायला लागली. शिकवणारंही नीट कुणी नव्हतं. दादा सांगायचा, एकेक मिश्रण बिघडायचं, फेकून द्यायचं, पुन्हा मळायचं. त्याच्या बोटांची कातडी सोलून निघालेली असायची. आई त्यावर तेल लावत म्हणायची, “हितं शेत हाय, शाळंत मास्तरकी मिळंल. कामून जातो तिकडं?”

इंदूवहिनी फर्दापूरची. तिच्या वडिलांचं तिथं लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी चहा-भज्यांचं छोटं हॉटेल होतं, आणि लहानपणापासून गल्ल्यामागं उभी राहून वहिनीनं कुठल्या कुठल्या भाषांतले चार-चार शब्द उचलले होते. परक्या माणसाला ती बुजायची नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं आईला न विचारता तिच्या माहेरच्या पद्धतीचं हिरव्या मिरच्यांचं भरीत केलं. आई ताटावर बसली, नाक मुरडलं, आणि मग न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वहिनीनं माझ्याकडं बघून डोळा मारला. त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी झालो. ती मला मंदाताई म्हणायची, मी तिला वहिनी म्हणायचे, पण अगंतुगंच. रात्री तिच्या अंथरुणात पाय घालून मी तिच्याकडून हॉटेलातल्या गोष्टी ऐकायचे आणि आई दोनदा ओरडली की मगच उठायचे.

ती दादाबरोबर दक्षिणेत जाऊन वर्षभर राहिली आणि बाळंतपणाला परत आली. मुलगी झाली. बारशाला दादा आला. आईला नाव ठेवायचं होतं तिच्या आईचं, भागीरथी. दादानं पाळण्यात वाकून मुलीच्या कानात सांगितलं, चित्रा. “नक्षत्र हाय आई, आभाळातलं.” आई म्हणाली, “सगळं आभाळातलंच सुचतंय तुला.” पण खालांनी खाजाची परात आणली, बायका गाणी म्हणायला लागल्या आणि आईचा रुसवा विरला. दादा दोन दिवस मुलीला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता. जाताना वहिनीला म्हणाला, “बाळाला जरा अंग धरू दे, मग न्यायला येतो.”

तो आला नाही. मळण्याच्या खोलीत आग लागली. का लागली, कुणाचं काय चुकलं, हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. चौकशी झाली म्हणे. आम्हाला कळलं ते एवढंच की आत तिघं होते आणि त्यातला एक दादा होता.

त्याला पेटीत घालून आणलं. पेटी खिळे ठोकून बंद केलेली, वरून पत्रा मारलेला. बरोबर केंद्रातले एक साहेब आले होते, सावळे, केस पांढरे होत आलेले, हिंदी तोडकी-मोडकी. अंगणात पेटी ठेवली तेव्हा आई पुढं झाली आणि म्हणाली, “उघडा.” साहेबांनी हात जोडले. “माताजी, नहीं.” आई पुन्हा म्हणाली, “उघडा म्हन्ते ना. तोंड बघू द्या मला लेकराचं.” आबा पेटीवर हात ठेवून खाली बसले आणि आईकडं बघून मान हलवत राहिले. अंगणात सगळं गाव होतं, पण एक माणूस हलला नाही. ते साहेब भिंतीकडं तोंड करून रडत होते. वहिनी दारात उभी होती, कडेवर पाच महिन्यांची चित्रा, आणि चित्रा तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. पेटी उघडली नाही. पुढं कित्येक वर्षं आई मध्येच काम थांबवून म्हणायची, “त्यात माझंच लेकरू व्हतं का कोन व्हतं, देवाला ठावं.”

वर्ष होत आलं तेव्हा तेच साहेब परत आले. बाजेवर बसून, कपातला चहा तसाच ठेवून त्यांनी आबांना सांगितलं की विलासच्या पत्नीला केंद्रात काम देता येईल. रॉकेटात जी यंत्रं बसवतात ती जोडायच्या विभागात मुलींना शिकवून तयार करतात. राहायला बायकांचं वसतिगृह आहे. तिथं मूल ठेवता येत नाही, पण सहाएक महिन्यांत घर मिळेल. वहिनी आतल्या दारामागं उभी राहून ऐकत होती. साहेबांचं बोलणं संपायच्या आत ती बाहेर आली आणि म्हणाली, “मी येते.”

त्या संध्याकाळी घरात जे झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. “त्या भट्टीनं माझं पोर खाल्लं,” आई म्हणाली, “आन् तू तिथंच जाऊन भाकर खानार?”

“हितं राहून काय करू, आत्याबाई?” वहिनीचा आवाज चढलेला नव्हता. “सकाळ-संध्याकाळ लोकं माझ्या कपाळाकडं बघत्यात. तिथं मला काम हाय. त्यांनी काय केलं, कशापायी केलं, ते तरी कळंल मला.”

“आन् लेकरू?”

“सहा महिने सांभाळा. घर मिळालं की नेते.”

“पोरगी नाय जानार,” आई म्हणाली. “तू जा. तुला कोन आडवतंय? पोरगी हितं राहील. माझ्या पोराचं तेवढंच उरलंय.”

आबा दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. तिथूनच म्हणाले, “जाऊ दे तिला.” त्यानंतर आई वहिनीशी बोलली नाही. तिचं नावही घेईना. ‘ती’ म्हणायची.

वहिनी निघाली त्या सकाळी चित्रानं बघू नये म्हणून मी तिला खालांच्या अंगणात घेऊन गेले. आदल्या दिवशी खालांनीच वहिनीला जवळ घेऊन सांगितलं होतं, “जाव बेटी, बच्ची कू हम सब देखते. तू रो नक्को.” चित्राला त्यांच्याजवळ ठेवून मी धावत एसटीच्या थांब्यावर गेले. वहिनी ट्रंकेवर बसलेली होती. “रडती का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, कोंबड्यांमागं पळतीय. “मग हे कामून?” ती म्हणाली आणि मान खाली घालून स्वतःकडं बघितलं. तिचं झंपर दोन्हीकडं ओलं झालं होतं. चित्रा अजून अंगावर पीत होती. वहिनीनं पदर ओढून घेतला. गाडी आली. कंडक्टरनं ट्रंक टपावर टाकली. मी सतरा वर्षांची होते.

सहा महिन्यांत घर मिळालं नाही. वर्षातही मिळालं नाही. तिच्यासारख्या नव्या कामगारांचा नंबर लागायला वेळ होता. वहिनी दिवाळीला यायची, दोन दिवस प्रवासात जायचे आणि चार दिवस हातात उरायचे.

चित्रा बोलायला लागली. मी आईला आई म्हणायचे, तीही म्हणायला लागली. मी आबांना आबा म्हणायचे, तीही. आणि दिवाळी जवळ आली की मी सांगायचे, वहिनी येणार, वहिनी खाऊ आणणार. दुसऱ्या दिवाळीला वहिनी दारात उभी राहिली तेव्हा चित्रा आईच्या लुगड्यामागं दडली. खाला गमतीनं म्हणाल्या, “कौन आया देख, चित्रा?” चित्रानं लुगड्यातून तोंड काढलं आणि म्हणाली, “वहिनी.” सगळे हसले. वहिनीही हसली. मी चित्राला पुढं ओढून म्हटलं, “वेडे, आई म्हण. ही तुझी आई.” चित्रानं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या लुगड्याला हात लावून म्हणाली, “आई ही.” वहिनी पिशवी खाली ठेवत म्हणाली, “राहू द्या, मंदाताई. लहान हाय. संगं राहिली की शिकंल.”

रात्रीच्या जेवणाला आई तिला ताट वाढायची. वहिनी मला तिच्या कामाचं सांगायची आणि आई पाठ करून ऐकायची. पांढरा डगला, डोक्याला टोपी, हात पुन्हा पुन्हा धुवायचे. केसाएवढ्या तारा भिंगाखाली धरून जोडायच्या. एक जोड कच्चा राहिला तर वर गेल्यावर यंत्र मुकं होतं. आधी लहान रॉकेटांसाठीची यंत्रं होती, आता मोठं रॉकेट करायला घेतलं होतं, जे पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह सोडेल. त्या उपग्रहातल्या एका यंत्रावर वहिनीच्या विभागानं खूप महिने काम केलं होतं. “आन् पडलं की हो ते,” ती म्हणाली. “वर गेलं न गेलं तोच वाकडं झालं आन् समुद्रात. आमच्यातलं कुनी जेवलं नाय त्या दिवशी. मोठे साहेब आले, म्हणाले, उद्या सकाळी सगळ्यांनी कामावर यायचं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्या तारेपासून.”

आई एकदम वळली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच वहिनीशी बोलली. “त्याची खोली कुठंय?”

वहिनी म्हणाली, “पाडली, आत्याबाई. तिथं नवी बांधलीय. चारी बाजूंनी मातीचे बांध घातलेत, आन् आता मळताना आत मानूस नसतं. लांबून चालवत्यात.”

“मग आधी कामून नाय तसं केलं?”

त्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडं असेल असं मला अजूनही वाटत नाही. त्यांनाही ते दादा गेल्यावरच कळलं होतं.

चित्रा चार वर्षांची होत आली तेव्हा वहिनीला घर मिळालं. एक खोली, स्वयंपाकघर, दारात नारळाचं झाड. ती उन्हाळ्यात आली, चित्रासाठी नवा फ्रॉक आणि पट्ट्याची चप्पल घेऊन. मला वाटलं होतं आई आकांत करेल. आईनं काहीच केलं नाही. निघायच्या दिवशी पहाटे तिनं चित्राला न्हाऊ घातलं, डोक्यावर तेल थापून घट्ट वेण्या घातल्या, पिशवीत तिचे कपडे भरले, लाडू बांधून दिले. “वहिनीसंगं आगगाडीत बसून समुद्र बघाया जायचं,” एवढंच तिला सांगितलं. आबांना ताप होता म्हणून स्टेशनवर पोचवायला मी निघाले. आई दारापर्यंतसुद्धा आली नाही.

शहरात एसटीतून उतरेपर्यंत चित्रा खुशीत होती. स्टेशनकडं जाताना क्रांती चौकात तिला तहान लागली म्हणून आम्ही रिक्षा सोडली. गाडीला अजून अवकाश होता. रसवंतीच्या दुकानाबाहेर बाकावर बसून ती रस पीत होती आणि मध्येच म्हणाली, “आई कवा येनार?”

मी म्हणणार होते, येईल. पण वहिनीला खोटं बोलायचं नव्हतं. ती चित्रासमोर खाली बसली. “आई नाय येनार, बाळा. आता आपन दोघीच राहायचं. तुझी खरी आई मी हाय.”

चित्रानं तिच्याकडं बघितलं. ग्लास खाली पडला. आणि मग ती अशी ओरडली की दुकानातला माणूस बाहेर आला. “मला आईकडं जायचंय! मला आईकडं जायचंय!” वहिनीनं तिला उचलायचा प्रयत्न केला तर ती तिच्या दंडाला चावली, अंग टाकून दिलं, रस्त्यात लोळायला लागली. भरदुपारचा चौक. सायकलवाले थांबले, भाजीवाल्या बायका आल्या, आमच्याभोवती गर्दी झाली.

“ओ बाई, लेकरू कुनाचं हाय?” एका माणसानं विचारलं.

“माझंच,” वहिनी म्हणाली.

“मग ते आईकडं जायचं कामून म्हन्तंय?”

एका बाईनं चित्राचा हात धरून तिला स्वतःकडं ओढलं. मी ओरडून सांगत होते, अहो, हीच तिची आई आहे, मी आत्या आहे, पण मला कोण ऐकतंय? कुणीतरी चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला बोलावून आणलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी गर्दी मागं सारली, मग गुडघ्यावर बसून चित्राचे डोळे पुसले. “रडू नको. मला सांग, ही कोन तुझी?” त्यानं वहिनीकडं बोट केलं.

“वहिनी,” चित्रा हुंदके देत म्हणाली.

“आन् तुझी आई?”

“आई घरी हाय. खुलताबादला.”

गर्दीत कुजबुज झाली. हवालदारानं वर बघितलं. मी त्याला सगळं सांगायला तोंड उघडलं, दादाचं, केंद्राचं, वसतिगृहाचं. वहिनीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला थांबवलं. चार भाषांत कुणाशीही वाद घालू शकणारी ती. त्या दिवशी तिनं चित्राकडं बघितलं, त्या बाईच्या हाताला धरून उभ्या असलेल्या, नाक वाहत असलेल्या चित्राकडं, आणि हवालदाराला म्हणाली, “खरं बोलती ती. मी वहिनी हाय तिची. घरीच सोडनार हाओत आम्ही तिला.”

हवालदारानं मला विचारलं, हे खरं का. मी मान डोलावली. माझ्याकडून दुसरं काही झालं नाही. गर्दी पांगली. वहिनीनं चित्राला उचलून माझ्याकडं दिलं. चित्रानं माझ्या मानेला दोन्ही हातांनी गच्च मिठी मारली.

“घेऊन जा, मंदाताई.”

“वहिनी, असं नको करू. घर मिळालंय तुला. चार दिवस रडंल, मग विसरंल.”

“विसरंल,” ती म्हणाली. “आत्याबाईला विसरंल. त्यांचं एक लेकरू तिकडं गेलंच की. आता हेबी मीच नेऊ?”

तिनं ट्रंक उचलली आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली. थोडं पुढं जाऊन ती परत आली, तेव्हा मला वाटलं तिचं मन बदललं. चित्राची कपड्यांची पिशवी तिच्याच हातात राहिली होती. ती तिनं माझ्या मनगटात अडकवली. “चपलेचा पट्टा लागलाय तिला,” म्हणाली, “घरी गेल्यावर तेल लाव.” आणि गेली.

पुढचं लोक विचारतात म्हणून सांगते. वहिनी निवृत्त होईपर्यंत त्याच केंद्रात राहिली. तिनं जोडलेली यंत्रं पृथ्वीभोवती फिरली, पुढं उपग्रहांत बसवायच्या मोठ्या दुर्बिणींची कामं आली, नव्या मुलींना तिनं शिकवलं. आता केंद्राजवळच्याच गावात छोट्या घरात राहते. चित्रा आमच्याकडं वाढली. शाळेत जायला लागली तेव्हाच तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ती आता पुण्यात असते, तिला दोन मुलं आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन वहिनीकडं जाते, तिच्या गुडघ्यांचं औषधपाणी बघते. त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे. पण हाक मारायची वेळ आली की चित्राच्या तोंडी वहिनी हाच शब्द येतो, तिची इच्छा असो नसो. मागं चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी इथं शहरातल्या आमच्या सोसायटीत फटाके वाजले. शेजारची मुलं माझ्यासाठी पेढा घेऊन वर आली. मी वहिनीला फोन लावला. “बघितलंस का गं?” “बघितलं की,” ती म्हणाली. मागं टीव्हीचा गलका ऐकू येत होता. मग तिनं विचारलं, “चित्राच्या धाकट्याचा खोकला कमी झाला का?”

पण त्या दिवसाचं अजून थोडं सांगायचं राहिलंय.

घाट चढून एसटी खुलताबादला पोचली तेव्हा दिवस मावळत होता. चित्रा माझ्या खांद्यावर झोपलेली. आई ओट्यावर बसली होती. चूल पेटवलेली नव्हती, सकाळची भांडी तशीच पडलेली. मला वाटलं ती धावत येईल, चित्राला माझ्याकडून ओढून घेईल. ती उठली, पण चित्राकडं तिचं लक्षच नव्हतं. माझ्या पाठीमागं रस्त्यावर बघत होती.

“इंदू कुठंय?” तिनं विचारलं. किती वर्षांनी तिनं ते नाव घेतलं होतं.

“गेली.”

“एकटी?”

मी चौकातलं सगळं सांगितलं. हवालदारानं काय विचारलं, चित्रानं काय उत्तर दिलं, वहिनी काय म्हणाली. आई ऐकता ऐकता हळूहळू खाली बसली. “आगं, तू तिला एकटीला जाऊ दिलं व्हय?” ती म्हणाली. “मी दिली व्हती तिला पोरगी. मनाचा दगड करून दिली व्हती. सकाळपासून हितं बसलेय मी, आता पुन्यांदा नाय रडायचं म्हनून. आन् ती मोकळ्या हातानं गेली?” मग ती एकदम उठली. आतल्या खोलीत तापानं पडलेल्या आबांना हाका मारायला लागली, “आवं, उठा, टेशनात जावा, गाडी थांबवा, इंदूला माघारी आना.” आबा भिंतीला धरून बाहेर आले. म्हणाले, गाडी केव्हाच गेली. तिला ते ऐकूच जात नव्हतं. ती तशीच अनवाणी रस्त्याला लागली, एसटीच्या थांब्याकडं. खाला मागं धावल्या आणि तिला धरून परत आणलं. अंगणात बसवलं, पाणी दिलं. दादा गेला तेव्हासुद्धा आई अशी रडली नव्हती.

त्या गलक्यानं चित्रा जागी झाली. माझ्या खांद्यावरून मान उचलून तिनं अंधारात इकडं-तिकडं बघितलं आणि हाक मारली, “आई.”

आईनं ओ दिली नाही. चित्रानं पुन्हा हाक मारली. आई रस्त्याकडं तोंड करून बसून राहिली.